दयाळ मुका नाही, त्याचा हंगाम यायचा आहे

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका निवृत्त शिक्षिकेचे पत्र आले आहे. त्यांच्या यजमानांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला. बोलणे पुष्कळ सुधारले असले तरी चालणे फारसे होत नाही, आणि दिवसाचा मोठा भाग ते घरापुढच्या पडवीत खुर्चीवर बसून काढतात. नोकरीनिमित्त दोघे कोकणात राहत असताना पहाटे दयाळ पक्ष्याचे गाणे कानावर पडत असे, ही आठवण ते वारंवार काढतात. म्हणून बाईंनी गणपतीनंतर घरापुढच्या दीड गुंठ्याच्या बागेत गाणारे पक्षी आणायचे मनावर घेतले. फीडर मागवून त्यांत मिश्र धान्य भरले आणि सकाळ-संध्याकाळ फोनवरून दयाळाचे गाणे वाजवले. जानेवारी उजाडला तरी आली ती मुख्यतः कबुतरे, आणि त्यांच्या पाठोपाठ शेजाऱ्यांची तक्रार. पाण्याचे भांडे ठेवले होते, तेही डासांच्या भीतीने उचलावे लागले. बाग मात्र नीटनेटकी आहे, मधोमध लॉन आहे, आणि माळी दर पंधरवड्याला फवारणी करून जातो. मुलाने आता सुचवले आहे की मुनियांची किंवा लव्हबर्डची एक जोडी पिंजऱ्यात आणून ठेवावी, म्हणजे बाबांचे मन तरी रमेल. बाई विचारतात, "कोणते खाद्य टांगले म्हणजे दयाळ, बुलबुल, हळद्या असे पक्षी येतील? आणि ते येईपर्यंत पिंजऱ्यातली जोडी आणली तर त्यात वाईट काय?"

ताई, यजमानांच्या औषधपाण्याबरोबर त्यांच्या कानांना काय हवे आहे याचाही तुम्ही विचार केलात, याचे मला फार मोल वाटले. त्यामुळे उत्तर देताना मी दोन काळांचा विचार करते आहे. त्यांना याच महिन्यात पडवीत बसल्या जागी काय ऐकता-पाहता येईल, आणि पुढच्या पावसाळ्यानंतर बागेत काय बदललेले असेल. दोन्हींसाठी करायच्या गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याचशा बिनखर्चाच्या आहेत.

आधी तुमच्या निराशेविषयी. गणपतीनंतर सुरुवात केली आणि चार महिन्यांत दयाळ गायला नाही, यावरून तो आलाच नाही असे तुम्ही धरून चालला आहात. हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. दयाळ वर्षभर गात नाही. त्याचे गाणे हे विणीच्या हंगामाचे गाणे आहे आणि आपल्याकडे तो हंगाम साधारण मार्चपासून जुलैपर्यंतचा असतो. तेव्हा नर उजाडण्याच्या आधीच झाडाच्या शेंड्यावर, विजेच्या तारेवर किंवा घराच्या पन्हाळीवर उंच जागा धरून बसतो आणि लांबलचक, वळणावळणाची शीळ घालतो. उरलेल्या महिन्यांत तोच पक्षी तुमच्या कुंपणाच्या बुडाशी, सावलीत, किडे टिपत गुपचूप हिंडत असतो, आणि तोंड उघडलेच तर घशातून एक कोरडा, खरखरीत आवाज काढतो, ज्याला कोणी गाणे म्हणणार नाही. कोकणातल्या ज्या पहाटा यजमानांना आठवतात त्या बहुतेक उन्हाळ्यातल्या किंवा पावसाच्या तोंडावरच्या असणार. तेव्हा आज संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमारास, कुंपणाच्या कडेला नीट पाहा. बुलबुलाएवढा, पाठीने काळा आणि पोटाने पांढरा, पंखावर पांढरी पट्टी असलेला, शेपूट वर उभारून चालणारा पक्षी दिसला तर तो दयाळाचा नर. मादीच्या अंगावर काळ्याच्या जागी राखाडी रंग असतो. कदाचित तो आधीपासूनच तुमच्याकडे असेल.

ऋतूचा हा हिशेब इतर पक्ष्यांनाही लागू आहे. जांभळा शिंजीर विणीचा हंगाम संपला की आपला झळाळता रंग उतरवतो आणि पिवळसर दिसू लागतो, त्याच्या गळ्यावरून खाली एक काळी रेघ तेवढी उरते. अनेकांना वाटते की तो निघून गेला. जानेवारी-फेब्रुवारीत तो पुन्हा रंगात येत असतो आणि फुललेल्या झाडाजवळ त्याची चिवचिव वाढते. ठिपकेवाला नाचण तर माझ्या मते आपल्या बागांमधला सगळ्यांत दुर्लक्षित गायक आहे. माणसाने ओठांनी वाजवावी तशी स्पष्ट, चढत-उतरत जाणारी पाच-सहा स्वरांची शीळ तो घालतो, आणि शेपटीचा पंखा उघडत-मिटत झुडपाच्या सावलीत गिरक्या घेत राहतो. बुलबुलांची बडबड बारा महिने चालते. तांबटाचा 'टुक टुक' आता उन्हे तापू लागली की वाढत जाईल. हळद्याबद्दल मात्र खोटी आशा दाखवणार नाही. तो उंच, गर्द झाडांचा पक्षी आहे आणि वड, पिंपळ, उंबर फळले की तिकडे धाव घेतो. जवळपास असे झाड असेल तर त्याची शीळ तुमच्या पडवीपर्यंत येईल, पण दीड गुंठ्याच्या बागेत तो मुद्दाम उतरेल असे सांगता येत नाही.

फोनवरचे गाणे कृपया आजपासूनच बंद करा. तुमचा हेतू स्वागताचा आहे, पण दयाळाला त्यात स्वागत ऐकू येत नाही. नराचे गाणे म्हणजे 'ही हद्द माझी आहे' अशी इतर नरांना दिलेली समज असते. तुमच्या आसपास एखादा नर राहत असेल, तर रोज दोन वेळा कोणी तरी बलवान परका नर आपल्या हद्दीत शिरला आहे असे त्याला वाटणार, तो त्याला शोधत, शेपूट फुलवून चवताळत फिरणार, आणि त्यात चारा शोधण्याचा वेळ व शक्ती खर्च होणार. नवखा, दुबळा नर असेल तर तो इथे आधीच कोणी आहे असे समजून पुढे जाईल. म्हणजे दोन्ही प्रकारे तुम्हाला हवे त्याच्या उलट घडते. फोनचा उपयोग ऐकवण्याऐवजी ऐकण्यासाठी करा. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेचे मर्लिन हे मोफत अ‍ॅप आपल्याकडच्या पक्ष्यांचे आवाजही ओळखते. पडवीत फोन नुसता चालू ठेवला तरी कोणाकोणाचा आवाज येतो आहे त्याची नावे पडद्यावर येतात. ते कधी कधी चुकते, म्हणून नाव आले की पक्षी डोळ्यांनी शोधून खात्री करावी.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येते. कोणते खाद्य टांगावे, असे तुम्ही विचारता. त्यामागची समजूत अशी आहे की पक्षी दाण्याला भुलून येतात. ती चिमण्या, कबुतरे, मुनिया आणि पोपट यांच्यापुरती खरी आहे. तुम्ही ज्यांची नावे लिहिली आहेत त्यांतला एकही पक्षी धान्य खाणारा नाही. दयाळ मुख्यतः किड्यांवर जगतो. बुलबुल आणि हळद्या फळे व किडे खातात, शिंजीर मध आणि बारीक कोळी-किडे खातो, नाचण उडते किडे हवेतच पकडतो, आणि शिंपी पानांखालच्या अळ्या वेचतो. बाजरी-ज्वारीने भरलेला फीडर त्यांच्या दृष्टीने रिकामाच आहे. कबुतरांच्या दृष्टीने मात्र ते अन्नछत्र आहे, आणि एकदा कबुतरे ठाण मांडून बसली की बाकीचे लहान पक्षी बिचकून दूर राहतात.

कबुतरांचा प्रश्न मी अधिक गांभीर्याने घ्या म्हणते, कारण घरात आजारी माणूस आहे. कबुतरांच्या विष्ठेची आणि पिसांची धूळ सतत श्वासावाटे गेल्याने काही जणांच्या फुप्फुसांना कायमची इजा होते. मुंबईत २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून जो मोठा वाद झाला, त्यात आरोग्याचा हाच मुद्दा होता. तेव्हा फीडर काही आठवडे पूर्ण उतरवून ठेवा. कबुतरे दुसरी जागा शोधतील. त्यानंतर चिमण्यांसाठी काही ठेवायचेच असेल तर सकाळी एकदाच, मूठभर बाजरी, राळे किंवा तांदळाची कणी, आणि तीही अर्ध्या तासात संपेल एवढीच ठेवा. शिळी पोळी, पाव, खारे शेंगदाणे, फरसाण असे काही घालू नका. मीठ आणि तेल लहान पक्ष्यांना सोसत नाही.

मग बागेत दयाळ कशासाठी येणार? ताई, तुम्ही बागेच्या नीटनेटकेपणाबद्दल अभिमानाने लिहिले आहे, आणि मला वाटते अडचण नेमकी तिथे आहे. दर पंधरा दिवसांनी होणारी फवारणी मावा आणि पिठ्या ढेकूण मारते, त्याबरोबर अळ्या, कोळी, नाकतोडे आणि पाचोळ्यातले किडेही मारते. एखाद्या उन्हाळी सकाळी बुलबुलाचे घरटे लांबून पाहिलेत तर हे लगेच लक्षात येईल. एरवी पिकल्या पपईवर ताव मारणारा हा पक्षी पिल्ले लहान असताना हिरवी, लुसलुशीत अळी चोचीत आडवी धरून येतो, जवळच्या फांदीवर थांबून इकडे-तिकडे पाहतो, अळी दोनदा फांदीवर आपटून ढिली करतो आणि मग घरट्यात वाकून ती पिल्लाच्या उघड्या चोचीत कोंबतो. जेमतेम घोट पाणी प्यायच्या अवधीत तो पुन्हा दुसऱ्या अळीच्या शोधात निघालेला असतो. धान्य खाणारी चिमणीसुद्धा पिल्लांना सुरुवातीला मऊ किडेच भरवते आणि मधावर जगणारा शिंजीर कोळी भरवतो. ज्या बागेत अळी नाही त्या बागेत पक्षी फार तर टेकून जाईल, संसार थाटणार नाही. आणि नर गातो तो संसार थाटायच्या जागेवर.

म्हणून माळ्याला सांगून फवारणी बंद करा. हे एकदम जड वाटत असेल तर निदान कुंपणाची झुडपे आणि मागची बाजू पूर्णपणे सोडा. मावा फार झाला तर पाण्याचा जोराचा फवारा मारून तो पाडता येतो, आणि तेही न केल्यास काही आठवड्यांत शिंपी आणि चष्मेवाले (डोळ्यांभोवती पांढरे कडे असलेले चिमुकले पक्षी) त्याचा समाचार घेऊ लागतात. कढीपत्त्यावर किंवा लिंबावर फुलपाखरांच्या अळ्या दिसल्या तर थोडी पाने त्यांना खाऊ द्या. उंदरांसाठी विषारी गोळ्या टाकत असाल तर त्याही थांबवा. विष खाल्लेला उंदीर खाऊन घुबड आणि पिंगळे मरतात.

दुसरे म्हणजे पाचोळा. तो रोज झाडून जाळण्याऐवजी कुंपणाच्या कडेने हातभर रुंदीचा पट्टा आखून त्यात चार बोटे जाडीचा थर साचू द्या. दयाळ, सातभाई आणि नशीब असेल तर नारिंगी डोक्याचा कस्तूर, हे सारे पक्षी पाचोळा उलटून खाणारे आहेत. लॉनवर त्यांना जवळजवळ काहीच मिळत नाही. तुमच्या लॉनचा निम्मा भाग काढून टाकावा असे माझे स्पष्ट मत आहे. सगळा काढायची गरज नाही, कारण मोकळ्या जागेत उतरणारे धोबी पक्षी आणि साळुंक्याही यजमानांना पाहायला आवडतील. मागच्या कोपऱ्यातले रानगवत मात्र न कापता त्याला बी धरू द्या. मुलगा ज्या मुनिया विकत आणू पाहतो आहे, त्या त्या गवतावर आपणहून येण्याची शक्यता चांगली आहे.

आणि कोळ्यांची जाळी. घरातली जाळी जरूर काढा, पण झुडपांतली आणि पत्र्याच्या वळचणीची राहू द्या. शिंजीर, नाचण, सुभग आणि शिंपी यांची घरटी या धाग्यांवाचून उभीच राहत नाहीत. शिंप्याची मादी एखादे रुंद पान निवडते, त्याच्या कडेला चोचीने ओळीने छिद्रे पाडते, आणि कोळ्याचा रेशमी धागा किंवा कापसाचा पेळ त्यातून ओवून पानाची द्रोणासारखी पिशवी शिवते. छिद्रातून बाहेर आलेले टोक विस्कटून फुगते आणि तेच गाठीसारखे अडकून बसते. पडवीपासून दहा-बारा फुटांवर, मोठ्या पानांचे एखादे झाड कुंडीत असेल तर हे सगळे काम खुर्चीवरून दिसू शकते.

याच आठवड्यात फळ देईल अशी एक गोष्ट म्हणजे पाणी. तुम्ही भांडे उचललेत ते पुन्हा ठेवा, फक्त पद्धत बदला. कुंभाराकडून पसरट, खरखरीत तळाचे मातीचे परळ आणा. खोली कडेला अर्धा इंच आणि मध्ये दोन इंचांपेक्षा जास्त नको, कारण खोल, गुळगुळीत भांड्यात लहान पक्षी उतरायला घाबरतात. मध्ये एक चपटा दगड ठेवा. डासांबद्दल शेजाऱ्यांची काळजी रास्त आहे, पण तिला उपाय आहे. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. दर दोन दिवसांनी पाणी झाडांना ओतून द्या आणि परळ काथ्याने घासून पुन्हा भरा. घासणे महत्त्वाचे आहे, कारण डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि भांडे कोरडे पडले तरी टिकतात. शेजाऱ्यांना हे एकदा करून दाखवा, म्हणजे तक्रार बरीचशी मिटेल.

परळ कुठे ठेवावे यातही पाहण्यासारखे आहे. झुडूप पाच-सहा फुटांवर असावे, म्हणजे पक्ष्याला शिक्रा हा शिकारी पक्षी दिसताच पळून शिरता येईल, पण अगदी लगत नसावे, कारण मांजर तिथेच दबा धरते. जमिनीवर ठेवण्याऐवजी चार फूट उंचीच्या खांबावर किंवा विटांच्या चौथऱ्यावर ठेवा आणि बुंध्याभोवती बोरीच्या किंवा करवंदीच्या काटेरी फांद्या रचा. आणखी एक सुचवते. घरात जुने अभिषेकपात्र असेल तर ते परळाच्या वर फांदीला टांगून थेंब थेंब पाणी पडू द्या. नसेल तर तळाला बारीक भोक पाडून त्यात सुताची वात घातलेले मडके चालेल. थेंबांचा आवाज आणि हलणारे पाणी पक्ष्यांना लांबून कळते, आणि साचलेल्या पाण्यापेक्षा ते लवकर उतरतात. पडवीतून सरळ दिसेल अशी, पंधरा-वीस फुटांवरची जागा निवडा. दुपारी दोनच्या सुमारास, उन्हाळ्यात तर नक्कीच, बुलबुल आणि चष्मेवाल्यांचे थवे अंघोळीला येतील.

आता पिंजऱ्याविषयी. मुलाच्या मनात वडिलांविषयीची माया आहे, म्हणून त्याला दुखवू नका, पण नाही म्हणा. मुनिया, पोपट, बुलबुल, मैना हे आपल्याकडचे रानपक्षी पकडणे, विकणे आणि पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. बाजारात हिरव्या-गुलाबी रंगात बुडवलेल्या मुनिया मिळतात त्या रानातूनच जाळे लावून धरलेल्या असतात. लव्हबर्ड मूळचे आफ्रिकेतले, त्यामुळे त्यांचा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने वेगळा आहे. पण त्यांचा आवाज म्हणजे दिवसभराचा कर्कश कलकलाट असतो. तुम्ही ज्या शिळेच्या शोधात आहात तिच्याशी त्याचे काही नाते नाही. शिवाय रोजची साफसफाई, उडणारी पिसे आणि विष्ठेची धूळ हे सगळे तुमच्या वाट्याला येईल, आणि तुमच्या अंगावर आधीच सेवेचा भार आहे. त्याच पैशांतून मुलाने एक चांगली, हलकी दुर्बीण आणावी. ८ पटींची पुरते. तिपाईवर बसवता येईल अशी घेतली तर यजमानांना ती धरून ठेवावी लागणार नाही.

यावरून एक प्रश्न विचारावासा वाटतो. तुमच्या संपूर्ण पत्रात फीडर तुम्ही मागवलेत, धान्य तुम्ही भरलेत, गाणे तुम्ही लावलेत, आणि यजमान फक्त ऐकणार आहेत. बाग त्यांच्यासाठी करायची हे खरे, पण त्यांच्या हाती काही सोपवले तर? कोणता पक्षी किती वाजता पाण्यावर आला, किती वेळ थांबला, कोणाला पाहून उडाला, ही नोंद दिवसभर एका जागी बसणारा माणूसच उत्तम ठेवू शकतो. हाताने लिहिणे जमत नसेल तर ते सांगतील आणि संध्याकाळी तुम्ही लिहाल. फेब्रुवारीत चार दिवस जगभर अंगणातल्या पक्ष्यांची गणना होते, तिला आपल्याकडेही मोठा प्रतिसाद असतो, आणि तिच्यात भाग घ्यायला किमान पंधरा मिनिटे एका जागी बसून पक्षी मोजणे एवढेच लागते. नोव्हेंबरच्या ५ ते १२ तारखांना आपल्या राज्यात पक्षी सप्ताह साजरा होतो, तोवर त्यांच्या वहीत कितीतरी महिन्यांच्या नोंदी झालेल्या असतील. गावातल्या शाळेशी तुमचा जुना संबंध असेलच. मुले ती वही पाहायला आली तर यजमानांनाही बोलायला माणसे मिळतील.

झाडांचे काम जूनसाठी ठेवा, पण जागा आतापासून ठरवा. दीड गुंठ्यात मोठी झाडे एक-दोनच बसतात, म्हणून झुडपांवर भर द्या. कुंपणाला करवंद आणि अडुळसा मिसळून लावा. करवंदीच्या काट्यांत बुलबुल निर्धास्त घरटे करतात, आणि अडुळशाच्या पांढऱ्या फुलांवर शिंजीर येतात. ऊन मिळेल अशा बाजूला धायटी आणि मुरुडशेंग लावा. सह्याद्रीच्या उतारांवर आपोआप वाढणारी ही झुडपे आहेत, त्यांची लाल फुले शिंजिरांना दुरून दिसतात. जास्वंद लावायची तर एकेरी पाकळीची साधी लाल, कारण गेंदेदार जास्वंदीत मधापर्यंत पोचणे कठीण जाते. कढीपत्ता तुमच्याकडे आहेच, फक्त त्याचा शेंडा सारखा खुडू नका. त्याला काळी फळे धरली की बुलबुल आणि कोकीळ येतात. लवकर फळ हवे असेल तर शेवग्याची आणि तुतीची फांदी लावा, दोन्ही झपाट्याने वाढतात. शेवगा फुलला की सकाळभर शिंजिरांची गडबड असते. पपईचे एखादे झाड असले तर वरचे एक फळ झाडावरच पिकू द्या, त्यावर बुलबुल, तांबट आणि कोकिळा यांची पाळी लागते. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांमध्ये पावसाळ्याच्या तोंडाशी देशी रोपे स्वस्तात मिळतात. घाणेरीच्या फळांवरही बुलबुल येतात, पण ती मात्र लावू नका. पक्ष्यांच्या विष्ठेतून तिचे बी रानात पसरते आणि मूळची झुडपे गुदमरतात.

ज्या वाचकांकडे अंगण नाही त्यांनी यातून पाणी, एकेरी जास्वंद आणि फवारणीबंदी एवढेच उचलले तरी चालेल. गच्चीत किंवा गॅलरीत कुंड्या एकेक विखरून ठेवण्यापेक्षा एका कोपऱ्यात दाटीने ठेवाव्यात, म्हणजे लहान पक्ष्याला लपायला आडोसा मिळतो. शिंजीर आणि शिंपी तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरही येतात.

दयाळासाठी मात्र आणखी एक काम फेब्रुवारीतच करून टाका. तो झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या भोकात घरटे करतो, आणि नव्या बांधकामांत अशी भोके लिंपलेली असतात, बागांत वाळकी झाडे ठेवत नाहीत. सुताराकडून न रंगवलेल्या लाकडाची एक पेटी करून घ्या, तोंड दोन-अडीच इंचांचे, तळाला पाणी निथळायला बारीक छिद्रे. ती आठ-दहा फूट उंचीवर, दुपारचे ऊन आणि पावसाचा मारा लागणार नाही अशी घट्ट बसवा. बाहेर बसायला दांडी लावू नका, तिचा फायदा कावळ्यांनाच होतो. चिमण्यांसाठी वेगळी पेटी करायची असेल तर तिचे तोंड सव्वा ते दीड इंचच ठेवा. पहिल्या वर्षी पेटी रिकामी राहिली तर हलवू नका. आणि मार्चपासून पावसाळा संपेपर्यंत कुंपणाची छाटणी करू नका. ती नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, घरटे नाही याची खात्री करून करा.

भारद्वाज दिसणे आपल्याकडे शुभ मानतात आणि तो बागेत येईलही, पण तो इतर पक्ष्यांची अंडी आणि पिल्ले खातो हेही ठाऊक असू द्या. एखादे घरटे त्याच्या किंवा कावळ्याच्या तोंडी पडले तर यजमानांना वाईट वाटेल. तिथे हस्तक्षेप करू नका, बुलबुल बहुधा पुन्हा घरटे बांधतात. वाचवण्यासारखे मरण आहे ते आपल्या काचांवर होणारे. पडवीलगतच्या मोठ्या खिडकीत झाडांचे प्रतिबिंब पडत असेल तर बाहेरच्या बाजूने चुन्याचे ठिपके किंवा चिकटपट्टीचे तुकडे लावा, दोन ठिपक्यांमधले अंतर दोन इंचांपेक्षा जास्त नको. नर दयाळ आणि शिंजीर विणीच्या दिवसांत आपल्याच प्रतिबिंबाशी भांडत चोची आपटत राहतात, त्यालाही हाच उपाय आहे.

मे-जूनमध्ये बागेत एखादे पिल्लू जमिनीवर सापडेल. अंगावर पिसे असतील आणि ते टुणटुण उडत असेल तर ते उडायला शिकते आहे आणि आई-बाप जवळच आहेत. मांजर तेवढे लांब ठेवा आणि आपण बाजूला व्हा. पिसे फुटलेली नसतील आणि घरटे हाताशी असेल तर अलगद उचलून परत ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून पक्षी पिल्लाला टाकून देतात हा गैरसमज आहे. जखमी असेल तर पुठ्ठ्याच्या, भोके पाडलेल्या खोक्यात, मऊ कापडावर, अंधारात ठेवा, तोंडात पाणी ओतू नका, आणि वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा.